तिसऱ्या हाकेची ओ

माजरी,
दिवाळीच्या आधीचा रविवार

आदरणीय अंजनाबाई हिला माजरीहून धाकट्या भावाचा, बापूचा, वाकून जय भीम.

(वाकून असं लिहिलं, पण बसलो आहे खुर्चीत. माझ्या कमरेचं तुला ठाऊक आहे. मनातून वाकलो असं धरून चाल.) तुझी तब्येत कशी आहे? नव्या गुडघ्यालाही आमचा वेगळा जय भीम सांग. डॉक्टर म्हणतो तसा तो वाकायला लागला, की पुण्यात बसवलेला म्हणून अजून ताठच आहे? अश्विनला म्हणावं, आईला लिफ्टशिवाय कुठे नेऊ नको, आणि तिने "मी तुझ्या वयाची असताना दोन दोन गुंड पाणी डोक्यावर आणत होती" हे सुरू केलं की विषय बदल. आमच्याकडे सगळं ठीक. राजदीपच्या आईला सर्दी आहे, राजदीपला त्याच्या साहेबाचा त्रास आहे, आणि नंदिनीला, म्हणजे आपल्या नव्या सुनेला, आमचा सगळ्यांचाच त्रास आहे, पण ती अजून बोलून दाखवत नाही. चांगल्या घरची आहे.

तू फोनवर विचारलंस, "सोळा तारखेचं कसं झालं?" आणि मी म्हणालो, "झालं व्यवस्थित." ते खोटं नव्हतं, पण 'व्यवस्थित' या शब्दाला मी बरंच ताणून त्या दिवसावर बसवलं होतं. तुला ते लगेच कळलं, कारण तू म्हणालीस, "लिहून पाठव. फोनवरचं ह्या कानातून त्या कानात जाते, कागद उशीखाली तरी राहते." म्हणून लिहितो. चष्मा लावून, पाय वर घेऊन वाच. घाई नाही.

सुरुवात तुझ्या 'ओ'पासूनच करावी लागेल. आपल्या घरी दर सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरला जायचं, त्या जागेवर उभं राहून आईच्या नावाने तीन हाका मारायच्या आणि तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, हे माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. हाक आधी बाबांची होती, आता माझी. ओ आधी आईची होती, आता तुझी. यंदा तू गुडघा घेऊन पुण्यात अडकलीस, तेव्हा इकडे हाक तयार आणि ओ गायब, अशी परिस्थिती झाली. घरात बैठक बसली. राजदीपच्या आईने पहिल्या झटक्यात हात वर केले. म्हणाली, "सासूच्या नावानं ओ देनं मले नाई जमत. त्या गेल्या तरी मले अजून त्यांचा धाक आहे." नंदिनी बिचारी तयार झाली, पण तिची आम्ही चाचणी घेतली, तर स्वयंपाकघरातून दिलेली ओ बैठकीपर्यंतसुद्धा पोचली नाही. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरच्या त्या लाखो माणसांत ती कुठे पोचणार? मग राजदीपने त्याचं डोकं चालवलं. तुझ्याकडून मोबाईलवर ओ मागवायची आणि ती छोट्या स्पीकरवर वाजवायची. तू पाठवलेली ओ मिळाली, बाई. फार चांगली होती. फक्त तिच्या शेपटीला "झालं का रे अश्विन? लाल बटन दाबू का आता?" हेही लागून आलं होतं. राजदीपने ते कापायचा प्रयत्न केला, पण कापल्यावर तुझी ओ अशी निघायची की कोणी चिमटा काढला आहे. शेवटी शेपटीसकट न्यायचं ठरलं.

सकाळच्या बसने निघालो. डब्यात ज्वारीच्या भाकरी, ठेसा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. बसमध्ये नंदिनीने विचारलं, "मामाजी, पण हाक काऊन मारायची?" एवढाच प्रश्न विचारायचा अवकाश, मी बाह्या सरसावल्या. छप्पन साली माझा जन्मही नव्हता, पण मी ही गोष्ट तिथे हजर असल्याच्या थाटात सांगतो हे तुला माहीत आहे. (तू हजर होतीस, पण आईच्या काखेत झोपलेली, म्हणून साक्षीदार म्हणून तुझा काही उपयोग नाही.) बाबासाहेब सोळा ऑक्टोबरला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, दीक्षा द्यायला येणार म्हणून भांदककडून बैलबंड्याच बैलबंड्या निघाल्या. त्यांत एका बंडीत आपले बाबा, आई आणि तू. चांद्याला पोचले तर अशी गर्दी, की बाबा म्हणायचे, जमीन दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. आई तुला घेऊन पाणी पाहायला गेली आणि परत येईना. बाबांचा जीव उडाला. शोधायचं कसं? हाक मारायची कशी? त्या काळी बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. बाबांनी आपलं नेहमीप्रमाणे "अवोऽऽ" म्हणून आवाज दिला, तर चारी बाजूंनी बाया वळल्या आणि त्यांचे नवरे बाबांकडे डोळे वटारून पाहायला लागले. मग "अंजनाची मायऽऽ" म्हणून पाहिलं. अंजना नावाच्या पोरी त्या गर्दीत थोड्या होत्या का? त्यांच्या आया आल्या. शेवटी बाबा बंडीच्या चाकावर चढले आणि जन्मात पहिल्यांदा, भर लोकांत, बायकोला नावाने हाक मारली. "ठमेऽऽ!" ओ नाही. पुन्हा "ठमेऽऽ!" ओ नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज फाटला होता म्हणतात. आणि ओ आली ती अगदी चाकाजवळून. आई तिथेच उभी होती, तुला खांद्यावर टाकून. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी बाबांनी तिथेच जाऊन पुन्हा हाक मारली, आई हसली, तिने ओ दिली, आणि ते सुरू झालं ते झालंच. नंदिनीने सगळं शांतपणे ऐकलं. राजदीपच्या आईने मधे मधे दुरुस्त्या केल्या. (चाक की धुरा, यावर भद्रावतीपासून ताडाळीपर्यंत वाद झाला.)

ती जागा आता कशी आहे, तुला माहीतच आहे. बंडीच्या जागी बिरजूचं मोबाईलचे कव्हर विकायचं दुकान आहे. बिरजू पहिल्या वर्षी आपल्याला पाहून घाबरला होता, आता वाट पाहतो. आम्ही दिसताच त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, "रुको, अभी काका चिल्लाएंगे," आणि मला चढायला स्टूल पुसून दिलं. तुझी चौकशी केली. "दीदी नहीं आई?" म्हणाला. राजदीपने स्पीकर उंच धरला. मी स्टुलावर चढलो, घसा साफ केला, बाबांना मनात जय भीम केला आणि पहिली हाक मारली. नेहमीप्रमाणे लोक वळले. एका पोलिसाने मान वर करून पाहिलं. दुसरी मारली. मग थोडं थांबून तिसरी, जरा फाटलेली. (फाटलेली मुद्दाम मारतो. हल्ली मुद्दाम फाडावी लागत नाही.)

"ओऽऽ! इथीच आहो ना मी!"

बाई, स्पीकर अजून चालू झाला नव्हता. मी राजदीपकडे पाहिलं, राजदीपने नंदिनीकडे पाहिलं, नंदिनीने राजदीपच्या आईकडे पाहिलं, आणि तिने पदर तोंडाला लावला. बिरजूच्या हातातलं कव्हर खाली पडलं. आई वारल्याचं त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं. गर्दीतून एक म्हातारी वाट काढत येत होती. पांढरं पातळ, मोतीबिंदूवाला हिरवा चष्मा, काखेत पिशवी, आणि चेहऱ्यावर आपल्या शाळेच्या हेडमास्तरला लाजवील असा राग. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "केव्हाची शोधून राह्यली मी तुमाले. बोंबलता कायले? उतरा खाली, पडान."

मी उतरलो. एवढ्यात तुझा स्पीकर चालू झाला आणि भर रस्त्यात तुझा आवाज घुमला, "ओ… झालं का रे अश्विन? लाल बटन दाबू का आता?" म्हातारी स्पीकरकडे वळून म्हणाली, "हे कोन मधातच?"

मी हात जोडून विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"नाव घेऊन बोलावता अन् वरून कोन म्हून इचारता?" ती म्हणाली. "ठमाबाई. पोरानं धाडलं ना तुमाले?"

पोराने धाडलं नव्हतं. हळूहळू उलगडा झाला तो असा, की ही ठमाबाई आपल्या नातवाबरोबर (तिचं 'पोर' म्हणजे तोच) आणि गावच्या मंडळींबरोबर टेम्पोने आली होती, पुस्तकांच्या दुकानांजवळ हात सुटला, आणि सकाळपासून एकटीच फिरत होती. आपलं नाव ऐकलं आणि आवाजाच्या दिशेने आली. गाव कोणतं? "चिखली." कोणती चिखली? "चिखलाची." तालुका? "थो पोराले मालूम." एवढं कळलं की वैनगंगेच्या पल्याडची, म्हणजे गडचिरोलीकडची. आता त्या बाजूला चिखल्या किती आहेत, ते सरकारलाही सांगता येणार नाही. नातवाचा मोबाईल नंबर? तो नातवाच्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल नातवाच्या खिशात. टेम्पो संध्याकाळी परत निघणार, एवढं मात्र तिला पक्कं माहीत होतं, कारण जे वेळेवर येणार नाहीत त्यांना सोडून जायचं, असा नियम तिनेच गावात केला होता.

तोंडाने ती आम्हाला रागावत होती, पण नंदिनीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मामाजी, आजीनं माह्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं आहे." तेव्हा मी ठरवलं की हिच्या माणसांच्या हातात हिचा हात दिल्याशिवाय घरी जायचं नाही.

तिला घेऊन आम्ही हरवलेल्या माणसांच्या मंडपात गेलो. तिथे माईकवर लोकेश नावाचा मुलगा होता, कॉलेजात शिकणारा, फार गोड स्वभावाचा. (पुढचा सगळा घोटाळा त्या गोडपणाने झाला.) त्याने लगेच पुकारलं, "चिखलीच्या, वयोवृद्ध, शांत स्वभावाच्या ठमाबाई इथे बसल्या आहेत, त्यांच्या नातेवाइकांनी यावं." थोड्या वेळाने एक जोडपं धावत आलं. त्यांनी आपल्या ठमाबाईला पाहिलं, तिने त्यांना हिरव्या चष्म्यातून पाहिलं. नवरा उदास होऊन म्हणाला, "हे नोहे आमची." मग अजून एक कुटुंब आलं. त्यांचीही ठमाबाई हरवली होती आणि त्यांचीही ही नव्हती. दुसऱ्या वेळी मात्र ठमाबाईचा अपमान झाला. "पाहाले येतात अन् नापसंत करून जातात," ती म्हणाली. "मी का लग्नाची आहो?"

लोकेश म्हणाला, "आजी, असं नाही होणार. तुमच्या नातवाचं नाव सांगा, मी त्यालाच बोलावतो."

ठमाबाईने ओठ घट्ट मिटले. मला वाटलं विसरली. पण तसं नव्हतं. नातवाला त्याच्या आजोबाचं नाव ठेवलं होतं, आणि नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात कधी तोंडातून काढलं नव्हतं. नातवाला ती 'बाबू' म्हणायची. लोकेशने बाबू म्हणून पुकारायची तयारी दाखवली, पण त्या गर्दीत बाबू म्हटलं तर अर्धा महाराष्ट्र मंडपात आला असता. मग राजदीपच्या आईने युक्ती काढली, की नाव घेऊ नका, नुसती खूण सांगा. ठमाबाई लाजली (ह्या वयात, बाई, आणि काय छान लाजली!) आणि म्हणाली, "रातीले वर उगवते ना, थे." चंद्र! लोकेशने चंद्रभान, चंद्रमणी, चंद्रशेखर अशी नावं एका दमात पुकारली. दोन चंद्रभान आले. एक चंद्रमणी आला, तो वर्ध्याचा होता, एकटाच आला होता आणि त्याला कुठेही ठमाबाई नव्हती; आपल्याला काहीतरी बक्षीस लागलं असं समजून तो आला होता. त्याला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसेना, म्हणून राजदीपच्या आईने त्याला वडा दिला.

माईकवर भरवसा ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी स्वतः निघालो. पुस्तकांची दुकानं, अन्नदानाचे मंडप, टेम्पो उभे राहतात ते मैदान, सगळीकडे जाऊन "चिखलीच्या ठमाबाईचं कोणी आहे का होऽऽ" असं ओरडत फिरलो. खाणीच्या पंपाच्या आवाजावर आवाज चढवून जन्म गेला, तेव्हा मला माझ्या घशाचा गर्व होता. तो त्या दिवशी दुपारीच उतरला. परत मंडपात आलो तेव्हा तोंड उघडत होतं, पण आतून नुसती हवा येत होती. राजदीपच्या आईने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, "काय झालं?" मी पुन्हा सांगितलं. मग तिला कळलं, आणि सर्दीतही तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

उन्हाने सगळे थकले होते, म्हणून मंडपाच्या कडेला बसून डबे सोडले. ठमाबाईने वडे खाल्ले. पहिला खाऊन म्हणाली मीठ जास्त झालं, दुसरा खाऊन म्हणाली तिखट कमी, आणि मग काही न बोलता आणखी दोन खाल्ले. पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "पन तुमी माह्यं नाव घेऊन बोंबलत काऊन होते?" माझा आवाज गेलेला, म्हणून नंदिनीने सांगितलं. बसमध्ये ऐकलेली सगळी गोष्ट तिने सांगितली, त्या बारीक आवाजात, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा चांगली सांगितली. चाकाचा आणि धुऱ्याचा वादही आणला नाही.

ठमाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुह्या आजसासूले पयलीच हाक आयकू आली असन."

"मंग ओ तिसऱ्या हाकेले काऊन दिली?" नंदिनीने विचारलं.

"मी तरी आज कुठी पयलीले दिली?" ठमाबाई म्हणाली. "माह्यं नाव घेनारं आता कोन उरलं? गावात सारे आजी म्हनतात. येवढ्या जोरानं कोनी माह्यं नाव घेऊन राह्यलं, म्हटलं, घेऊ दे अजून एकडाव. आयकू दे."

बाई, मी इतकी वर्षं त्या स्टुलावर चढतो आहे. आई गर्दीत अडकली असेल, आवाज पोचला नसेल, तू रडत असशील, असंच मी धरून चाललो होतो. चाकाजवळ उभी राहून ती ऐकत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

ठमाबाईने थोड्या वेळाने विचारलं, "त्यानं नाव घेतलं, मंग काई झालं का त्याले?"

"काही नाही झालं," राजदीपची आई म्हणाली. "नातवंडं पाहून गेले."

"लोक हासले?"

"हासले असतील."

ठमाबाई उठली. पिशवी नंदिनीकडे दिली, जी तिने सकाळपासून कोणाला धरू दिली नव्हती. लोकेशसमोर जाऊन हात पुढे केला. लोकेशला वाटलं पाणी पाहिजे. "थे दे," ती म्हणाली. त्याने माईक दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या मैदानभर पहिल्यांदा ऐकू आलं ते, "हे चालू आहे का?" मग काहीच नाही. नुसता तिचा श्वास. खाली बसलेल्या बाया वर पाहायला लागल्या. मग अगदी हळू, कोणाच्या कानात सांगावं तसं, "सोमाजी." आणि मग एकदम मोठ्याने, "सोमाजीऽऽ! ओ सोमाजीऽऽ!" (नंदिनीने कपाळावर हात मारून घेतला. सोम म्हणजे चंद्र. तिने पदवी मराठीतच घेतली आहे.) आणि नंतर ठमाबाई जरा गडबडली, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माईकवरच म्हणाली, "तुमाले नाई बोलावून राह्यली मी. तुमी राहा तिथीच सुखानं. नातवाले बोलावून राह्यली."

मैदान हसलं. पण आमच्या शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्या हसल्या नाहीत. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि एकमेकींकडे पाहिलं.

सोमाजी आला तो गर्दी फाडत आला. मला वाटलं होतं पोरगेलासा असेल, पण हा भलामोठा मिशीवाला माणूस, टेम्पो स्वतः चालवणारा, दोन लेकरांचा बाप. घामाने भिजलेला, डोळे लाल. सकाळपासून बस स्टँडपासून नदीपर्यंत शोधत होता. ठमाबाई म्हणून पुकारलेलं त्याने दोनदा ऐकलं होतं म्हणे. "पन 'शांत स्वभावाच्या' म्हटलं ना भाऊ," तो लोकेशला म्हणाला, "मले वाटलं आमची नोहे." मग आजीचे खांदे धरून, लहान मुलासारखा म्हणाला, "आज्जे, तू माह्यं नाव घेतलं!"

"तुह्यं नाई घेतलं," ठमाबाई म्हणाली. "त्याचं घेतलं. तू आला आपला मधात."

निघताना तिने उरलेले वडे मागून घेतले (मीठ जास्त असूनही), नंदिनीच्या गालावरून हात फिरवला, मला म्हणाली की घशाला हळद लावा आणि स्टुलावर चढणं सोडा. राजदीपच्या आईला तिने विचारलं, "तुह्यं नाव काय माय? दिवसभर कोनी घेतलंच नाई." हिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं. टेम्पो गेला. जाताना बिरजूच्या दुकानावरून गेलो, तर तो अजून कावराबावरा होता. ती दुसरी ठमाबाई होती, जिवंत होती, गडचिरोलीकडची होती, हे राजदीपने त्याला समजावलं. तो म्हणाला, "ठीक है, पर अगले साल धीरे चिल्लाना." परतीच्या बसमध्ये भांदक मागे गेलं तेव्हा नंदिनीने झोपेत डोकं सासूच्या खांद्यावर टाकलं, आणि सासूने सर्दी असूनही खांदा हलवला नाही.

तर असं झालं व्यवस्थित. घसा आता जागेवर आला आहे, फक्त वरच्या पट्टीत जरा कावळा बसतो. तू तब्येत सांभाळ. भाचसुनेला आणि लेकरांना आशीर्वाद, अश्विनला जय भीम.

तुझा,
बापू

ता. क. सोमाजीने काल फोन केला होता. ठमाबाईचा निरोप आहे की दर वर्षी सोळा तारखेला ती येणार आणि ओ तीच देणार, हाक तिच्या नावाची आहे म्हणून तिचा हक्क पहिला. मी 'मोठी बहीण आहे, तिला विचारून सांगतो' म्हणालो. गुडघा बरा करून ये आणि तिच्याशी तूच बोल. मला मधे घेऊ नका.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून राजदीपची आई 'अवो'ला येत नाही. रागावली नाही. चहा देते, हसते, पण 'अवो' म्हटलं की कुकरकडे पाहत राहते. मी काय ते समजलो. घरात मी तिला 'अवो' म्हणतो, बाहेर 'राजदीपची आई', आणि सासुरवाडीला गेलो की खोकतो. नाव घ्यायला माझी हरकत काही नाही, पण जीभ वळत नाही. गच्चीवर जाऊन सराव केला, तर शेजारच्या नर्सिंगवाल्या मुलीचंही तेच नाव निघालं. ती "काय काका?" म्हणून वर आली, तेव्हा तुमच्याकडे लाईट आहे का असं विचारून वेळ मारून नेली. म्हणून तुला विनंती, हे पत्र मिळेल त्या दिवशी संध्याकाळी फोन कर आणि स्पीकर सुरू ठेवायला सांग. तू तिला नेहमी सरळ 'माधवीऽऽ' म्हणून हाक मारतेस, तशी मोठ्याने मार. मी दाराआड उभा राहीन आणि तुझ्याच आवाजात माझाही आवाज मिसळून देईन. पहिली वेळ सोबतीने निघून गेली की पुढचं माझं मी पाहतो.

ता. क. ३. फोन करू नको. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं आणि तिने पत्र वाचलं. म्हणाली, "बाईले त्या गुडघ्यानं फोनजवळ कायले उभं करता?" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी दारात उभा राहिलो, भिंतीला धरलं आणि म्हटलं. एकदाच, साध्या आवाजात. ती वळली आणि म्हणाली, "काय काम आहे?" काम तर काहीच नव्हतं. मी तसाच उभा. तिने हातातलं उलथणं खाली ठेवलं. मग तिने दळणाचा डबा माझ्या हातात दिला. हे चक्कीवर बसून लिहितो आहे, पुढे गर्दी आहे. ज्वारी बारीक दळायची की जाड, ते विचारायचं राहिलं. चक्कीवाला म्हणतो, फोन करून विचारा ना. त्याला म्हटलं, नको, घर काही लांब नाही, जाऊन हाक मारून विचारतो.